खांद्यातली चावी

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतका कुलपांवर जीव लावणारा माणूस पुलगावात तर सोडाच, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लोक सोन्यानाण्यावर जीव लावतात, शेतावर लावतात, फार झालं तर बैलजोडीवर लावतात. या गृहस्थाने तो कुलपावर लावला, आणि कुलपापेक्षाही चावीवर. नात्याने ते माझे मामेसासरे. मी त्यांना मामाजी म्हणे आणि ते मला जवाईबापू म्हणत. पुलगावच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंडे, नळाच्या तोट्या असं सगळं तिथे मिळे, पण त्यांच्या लेखी ते नुसतं पोटापाण्याचं सामान होतं. गिऱ्हाइकाने पाव किलो खिळे मागितले तर ते मान वर न करता तोलून देत. कुलूप मागितलं की मात्र स्टूल पुढे करत, पाणी देत आणि मग विचारत, "कायले लावाचं आहे?" घराला, गोठ्याला, ट्रंकेला की देवघराला, हे नीट कळल्याशिवाय कुलूप काउंटरवर येत नसे. गावाशेजारी लष्कराचा मोठा डेपो असल्यामुळे बदलीवर येणारे-जाणारे जवान ट्रंकांसाठी कुलपं न्यायला येत. त्यांच्याशी मामाजी खास आपल्या हिंदीत बोलत, आणि जवानाची गाडी फलाटाला लागली तरी कुलपाच्या पोटातल्या स्प्रिंगची गोष्ट अर्धवट सोडत नसत.

त्यांची माझी पहिली भेट तळेगावला झाली, मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा. नव्वदीची सुरुवात असेल. मी वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि सिंदी मेघेला दोन खोल्यांत एकटा राहत होतो. मुलीकडच्या मंडळींनी रीतीप्रमाणे पगार विचारला, शेती विचारली, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारला. सगळ्यांचं विचारून झाल्यावर कोपऱ्यातून पांढऱ्या पायजम्यातले एक गृहस्थ पुढे सरकले आणि म्हणाले, "तुमच्या खोलीले कुलूप कोनतं आहे?" मी गोंधळून म्हणालो, "दाबाचं." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. पण ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "दाबाचं कुलूप लावनारा मानूस भोळा असते. चावी अंदर इसरते, कुलूप दाबून घेते अन् मंग दारात बसून राह्यते. हा पोरीले तरास नाई द्याचा." त्या महिन्यात मी दोनदा असा दारात बसलो होतो, हे यांना कुणी सांगितलं असेल याचा मी लग्न होईपर्यंत विचार करत होतो.

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता. कुलूप पाहिल्याशिवाय ते चावी बनवत नसत. नुसती चावी घेऊन कुणी आला आणि म्हणाला, हिची जोड करून द्या, तर ते चावी हातातसुद्धा घेत नसत. "तिचं कुलूप आना. मी दोघांची ओळख पाह्यल्याबिगर कानस लावत नाई." एकदा एका मास्तरांनी कपाटाची चावी आणली. मामाजींनी त्यांना नियम ऐकवला. मास्तरही हट्टाला पेटले आणि तासाभराने हातगाडीवर अख्खं कपाट घेऊन हजर झाले. मामाजींना त्यात टोमणा वगैरे काही जाणवला नाही. त्यांनी भर रस्त्यात कपाटासमोर मांडी घालून चावी घासली, चारदा फिरवून पाहिली आणि मास्तरांना मनापासून म्हणाले, "असं गिऱ्हाईक पाह्यजे."

याच नियमाचा दुसरा भाग म्हणजे पत्र्याचा डबा. रस्त्यात, फलाटावर, नालीच्या कडेला कुणाला चावी सापडली की तो ती मामाजींकडे आणून देई. प्रत्येक चावीला ते दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर तेच एक वाक्य असे: कुलूप सापडाचं आहे. "चावी काय एकटी जन्मते का? तिचं कुलूप आहेच कुठं ना कुठं," असं ते म्हणत आणि कुठेही लग्नाकार्याला निघाले की डबा पिशवीत टाकत. आमच्याच लग्नात कार्यालयाच्या कोठीघराची चावी हरवली. आत जिलब्या, बाहेर पंगत. मुलीकडचे घामाघूम झाले असताना मामाजी शांतपणे डबा उघडून बसले आणि एकेक चावी लावू लागले. किती लावल्या कोण जाणे, पण एक फिरली. जिलब्या बाहेर आल्या, मंडळींनी सुस्कारा सोडला, आणि मामाजी मात्र हातातल्या चिठ्ठीकडे बघत उभे होते. डोळ्यांत पाणी होतं. पुढे आयुष्यभर कुणी त्या डब्याला हसलं की ते फक्त एवढंच म्हणत, "जिलेबी खाल्ली होती का तुमी?"

पण सगळ्यांत कडक नियम होता शटरचा. तो त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. ज्या हाताने दुकान लावलं, त्याच हाताने उघडायचं. नोकर नाही, बायको नाही, मुलगा नाही, आणि स्वतःचा असला तरी दुसरा हातही नाही. "नाई तं दुकान आपल्याले परकं समजते." मामाजी उजव्या हाताने संध्याकाळी शटर ओढत, उजव्या हाताने कुलपात चावी फिरवत, आणि सकाळी त्याच हाताने कुलूप काढून शटर वर ढकलत. ते शटर जुनं, जड, दोन ठिकाणी वाकलेलं. ते वर जाताना असा काही आवाज करी की आजूबाजूचे लोक त्यावर घड्याळं लावत. त्यांचा डावा हात शेजारी नुसता उभा असे.

आणि याच नियमाने त्यांचा घात केला. नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडचा एक उन्हाळा होता. वरच्या फळीवरचा कुलपांचा खोका काढताना मामाजी लाकडी शिडीवरून उजव्या खांद्यावर पडले. आवाज झाला. मामी आतून धावत आल्या, शेजारचा रिक्षावाला रिक्षा घेऊन आला. मामाजींचा खांदा खाली उतरलेला, हात लोंबत होता, चेहरा पांढराफटक. तशातही ते दुकान उघडं टाकून रिक्षात बसेनात. रिक्षावाला म्हणाला, "शेठ, मी लावतो शटर." मामी म्हणाल्या, "डाव्या हातानं वढा न् चला." पण एवढ्या वर्षांची सवय. मामाजींनी त्या लोंबत्या उजव्या हाताच्या बोटांना शटरच्या ओढायच्या दोरीचा वेढा दिला, अंगाचा भार टाकून ते खाली आणलं, उजव्या हाताने कुलूप घातलं, उजव्या हाताने चावी फिरवली आणि मग रिक्षात बेशुद्ध पडले. त्या वेळी डाव्या हाताने कुलूप लावलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. कारण आता दुकान उजव्या हाताने बंद झालं होतं, आणि उजवा हात वर जात नव्हता.

डॉक्टर तरुण होता, हौशी होता. त्याने एक्स-रे खिडकीकडे धरून मानेखालचं, खांद्यापर्यंत गेलेलं बाकदार हाड दाखवलं. मधोमध तुटलेलं. "काका, हे क्लॅविकल. जुन्या लॅटिन भाषेतलं नाव आहे. अर्थ माहीत आहे? छोटी चावी." दुसरा कुणी असता तर हाड जुळायला किती दिवस लागतील ते विचारता. मामाजींनी वेदना विसरून विचारलं, "अन् कुलूप?" डॉक्टर म्हणाला, "कसलं कुलूप?" "तुमी चावी म्हनता ना? मंग तिचं कुलूप कोनतं?" डॉक्टर हसला आणि दोन्ही खांद्यांवरून पाठीवर फुली येईल अशी पट्टी आवळून बांधू लागला. पण मामाजी हसण्यावारी न्यायच्या मनःस्थितीत नव्हते. घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे एक्स-रेच्या पाकिटाला डाव्या हाताने दोरा बांधून चिठ्ठी अडकवली. कुलूप सापडाचं आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला आणि मी पुलगावला गेलो. मला वाटलं, बरं नसेल. पट्टी बांधल्यामुळे मामाजी छाती काढून ताठ बसले होते, कधी नव्हे ते फौजदारासारखे दिसत होते. "जवाईबापू, तुमी मेडिकलवाले. त्या हाडाले चावी काऊन म्हनते हे शोधून काढा." मी मेडिकलवाला म्हणजे पोरांना पुस्तकं देणारा आणि परत घेणारा. पण ते त्यांना पटत नसे. मग मी आठ दिवस दुपारच्या सुट्टीत शरीररचनेचे जाडजूड ग्रंथ चाळले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचली, हे इथे कबूल करतो.

जे सापडलं ते मी त्यांना सांगितलं. हे हाड आईच्या पोटात सगळ्यांत आधी घट्ट व्हायला लागतं आणि पुरतं घट्ट व्हायला विशी उलटून जाते. ते हाताला छातीपासून लांब धरून ठेवतं, म्हणून हात मोकळा फिरतो. नावाबद्दल दोन मतं. काही म्हणतात, जुन्या काळच्या चाव्या अशाच बाकदार असत, म्हणून चावी. काही म्हणतात, आपण हात खांद्याच्या वर उचलला की हे हाड स्वतःभोवती फिरतं, कुलपात चावी फिरावी तसं, म्हणून चावी. मामाजींनी पहिलं मत तिथल्या तिथे निकालात काढलं. "आकारावरून चावी ठरत नाई. खिळ्याले वाकवलं तं का चावी होते? फिरते ते चावी." मामी दारातून म्हणाल्या, "आमी तं त्याले हासळी म्हनतो बाप्पा. माह्या आजीच्या गळ्यातली चांदीची हासळी तिथंच बसत होती. चावी न् फावी कायची?" मामाजींनी तेही ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "खांद्याच्या वर गेल्यावर फिरते? खाली नाई?" मी म्हणालो, "खाली थोडी हलते. खरी फिरते ती वर." त्यांनी डाव्या हाताचं बोट आपल्याच पट्टीखाली सरकवलं.

त्यानंतर पुलगावात कुणाचाच गळा सुरक्षित राहिला नाही. येईल त्याच्या मानेखाली मामाजी डाव्या हाताचं बोट ठेवत आणि म्हणत, "हात वर करा." बोटाखाली ते हाड वळलं की त्यांचा चेहरा उजळे. "फिरली! लागली का बोटाले?" पोस्टमनचं पाहिलं, बँकेच्या साहेबांचं पाहिलं, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींचं पाहिलं. नागपूरहून आलेल्या एका कंपनीच्या विक्रेत्याला हे काही माहीत नव्हतं. अनोळखी माणसाने गळ्याला बोट लावून हात वर करायला सांगितल्यावर त्या बिचाऱ्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "पाकीट मागच्या खिशात आहे."

पट्टी निघाल्यावर ते तळेगावला बहिणीकडे, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, आले होते. मीही होतो. बाजाराचा दिवस होता. बैलांच्या रांगेतून जाताना मामाजी एकदम थांबले आणि एका पांढऱ्या बैलाच्या खांद्यापाशी बोटं दाबून काहीतरी शोधू लागले. बैल समजूतदार होता, उभा राहिला. बैलाचा मालक शेजारी गिऱ्हाइकाशी बोलत होता, तो दचकून वळला. "काय पाहून राह्यले शेठ?" मामाजी मोठ्याने म्हणाले, "याले चावीच नाई!" झालं. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. मालक तापला. "चार लोकांत माह्या जनावरात खोट काढता? कोनती चावी नाई त्याले?" मग मामाजींनी सगळ्या रांगेला बैलाच्या हाडांबद्दल व्याख्यान दिलं. शेवटी मीच मधे पडून सांगितलं की कोणत्याच बैलाला ते हाड नसतं, घोड्यालाही नसतं. तेव्हा कुठे गिऱ्हाईक परत आलं. परतताना मामाजी म्हणाले, "आता समजलं. बैलाचा पाय पुढं जाते, मांग जाते, पन वर नाई जात. वरच्या फळीवरचं बैल काढू शकत नाई. वरचं काढाले चावी लागते." जरा वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "मी बी आता बैलच आहो."

ते गमतीने म्हणाले नव्हते. हाड जुळलं होतं, पण वाकडं जुळलं होतं आणि खांदा आखडला होता. उजवा हात खांद्याच्या पातळीपर्यंत येई आणि थांबे. दुकानाचं शटर उन्हाळ्यापासून बंदच होतं. मामाजी मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून दुकानात जात. गिऱ्हाइकंही त्याच वाटेने येत. मामी भाजी फोडणीला टाकत असत आणि शेजारून कुणी बिजागऱ्या घेऊन जाई. "भाजीत खिळा निघाला तं मले बोलू नका," असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. डाव्या हाताने शटर उघडा, असं प्रत्येकजण सांगून थकला. मामाजींचं उत्तर ठरलेलं होतं: "डाव्या हातानं लावलं होतं का?"

शेवटी पुण्याहून मुलाचा फोन आला. मुलगा तिथे कंपनीत होता, सरळ मनाचा, वडिलांवर जीव असलेला. त्याने स्वच्छ सांगितलं, "बाबा, मी दसऱ्याले येतो. त्या दिवशी तुमी तुमच्या हातानं शटर उघडून दाखवा. उघडलं तं दुकान तुमचं, मी पुन्हा विषय काढनार नाई. नाई उघडलं तं दुकान देऊन टाकू, न् तुमी दोघं माह्यासंग चला." मामींचा जीव पोराच्या बाजूने होता, कारण शिडीवरून पडताना आलेला तो आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता. मामाजी एकदाच पुण्याला जाऊन आले होते. तिथल्या फ्लॅटचं दार नुसतं ओढलं की आपोआप बंद होत असे, याचा त्यांनी धसका घेतला होता. "दार लागते, पन लावनाराच नाई," असं ते सांगत.

नवरात्राच्या आधी मी गेलो तेव्हा ते बंद शटरच्या आत, दिवसाही दिवा लावून भिंतीशी उभे होते. डॉक्टरने व्यायाम सांगितला होता: हाताची बोटं भिंतीवर ठेवून एकेक पाऊल टाकत वर चढवायची. जिथे बोटं थांबतील तिथे मामाजी खडूने रेघ ओढत. मी पाहिलं. सुरुवातीच्या रेघा कमरेपासून चढत गेल्या होत्या, भराभर. मग खांद्याच्या उंचीवर आल्यावर त्या थांबल्या होत्या. तिथे रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, एवढ्या की भिंतीवर नुसता पांढरा पट्टा झाला होता. महिनाभराच्या रेघा असतील. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कधी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. "जवाईबापू," ते म्हणाले, "मले पुन्याले नाई जाचं. इथं कोनाले चावी सापडली तं तो माह्याकडे येते. तिथं मी कोन आहो?" मी नुसता त्यांच्या शेजारी उभा राहून भिंतीकडे बघत राहिलो.

दसऱ्याच्या सकाळी सगळे रस्त्यावर जमलो. शटरला झेंडूचं तोरण लावलं होतं. दुकानासमोर पाटावर तराजू, कानस आणि पत्र्याचा डबा पूजेला मांडला होता. मुलगा आला होता. मामी देवाला हात जोडून उभ्या होत्या, पण नक्की काय मागत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मामाजींनी नवा सदरा घातला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं, सदऱ्याचं वरचं बटन काढलं आणि माझं बोट धरून आपल्या मानेखालच्या हाडावर ठेवलं. मोडलेल्या जागी गाठ आली होती. "इथंच ठेवा. मी जोर लावतो. चावी फिरली का नाई हे तुमी सांगाचं." मी त्यांच्या मागे खेटून उभा राहिलो.

उजव्या हाताने त्यांनी कुलूप काढलं. वाकून शटरची खालची कड पकडली. शटर किंचाळलं, पाच महिन्यांत पहिल्यांदा. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. रस्त्यावर कुणी तरी टाळी वाजवली. खांद्याशी आल्यावर शटर थांबलं. मामाजींचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या बोटाखाली ती गाठ थरथरत होती, पण वळत नव्हती. ते ढकलत होते आणि हाड जागचं हलत नव्हतं. मग त्यांनी हळूच हात सोडला. जुनं शटर होतं, ते तिथेच अडकून राहिलं. मामाजी वाकले, अर्ध्या शटरखालून आत गेले आणि आतून म्हणाले, "उघडलं."

मग मामी म्हणाल्या, "हे काय उघडनं झालं?" मुलगा म्हणाला, "बाबा, अर्धं उघडलं, अर्धं नाई." आतून आवाज आला, "चावी फिरली का कुलूप उघडते. दार किती वर न्याचं हे मालकाच्या मर्जीवर आहे." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग मामींनी पाहिलं. मग रस्त्यावरच्या सगळ्यांनीच पाहिलं. मुलगा म्हणाला, "भाऊजी, तुमचं बोट होतं तिथं. खरं सांगा. फिरली का?"

मी ग्रंथालयातला माणूस. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत होतं, आणि बोटाला काय लागलं तेही माहीत होतं. अर्ध्या शटरखालून मला मामाजींच्या फक्त चपला दिसत होत्या, आणि त्या अजिबात हलत नव्हत्या. मी म्हणालो, "फिरली."

मुलाने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग तो आत जायला निघाला. उंच मुलगा, शटरच्या खाली जायला चांगलाच वाकला आणि तसाच वाकलेला असताना वडिलांच्या पायाशी आला. तिथूनच त्याने नमस्कार केला आणि आपट्याची पानं हातात दिली. मामाजींनी डाव्या हाताने त्याला जवळ घेतलं. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मामींनी मात्र त्याच दिवशी शिडी जिन्याखाली टाकली आणि वरच्या फळीवरचं सगळं सामान खाली उतरवून घेतलं.

त्या दिवसानंतर जवळजवळ दहा वर्षं ते दुकान अर्ध्या शटरवर चाललं. पुलगावातली सगळी माणसं वाकून आत जात. डेपोतले सुभेदार वाकून येत, बँकेचे साहेब वाकून येत, हातगाडीवर कपाट आणणारे ते मास्तर निवृत्त होऊनही वाकून येत. नवा माणूस डोकं आपटून घेई आणि मामाजी त्याला हळद लावत. मीही इतक्यांदा गेलो की माझी कंबर आपोआप वाके. मामाजींना मोठं समाधान होतं. "पूर्ण उघडं होतं तेव्हा कोनी नमस्कार करत नव्हतं," ते म्हणत.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघंच दुकानात होतो. त्यांनी उगाच माझ्या मानेखाली बोट ठेवलं. "हात वर करा." मी केला. "फिरली," ते म्हणाले. "अशी फिरते. त्या दिवशी माही नाई फिरली." मी चमकलो. "तुम्हाला माहीत होतं?" मामाजी हसले. "हाड कोनाचं आहे?" मग एक चावी कानशीने घासत ते म्हणाले, "तुमाले खोटं बोलता येत नाई जवाईबापू. पह्यल्या दिवशी बोललो होतो मी, दाबाच्या कुलपाचा मानूस. पन त्या दिवशी बोलले तुमी. बरं केलं."

आता मामाजी नाहीत. मामी पुण्याला मुलाकडे असतात. जाताना त्यांनी मला तो एक्स-रे दिला. "तुमच्याकडेच राहू द्या. तिथं कोनी समजनार नाई," म्हणाल्या. पाकिटाला चिठ्ठी तशीच आहे: कुलूप सापडाचं आहे. शाई फिकी झाली आहे. मी ती वाचतो आणि कधीकधी, खोलीत कुणी नसताना, मानेखाली बोट ठेवून हात वर करून बघतो.

दुकानाच्या जागी हल्ली मोबाइलचं दुकान झालं आहे. परवा पुलगावला गेलो होतो, चार्जर घ्यायचा होता. नवं शटर आहे, गुळगुळीत, पार वरपर्यंत गुंडाळलेलं. वर काचेची पाटी, आत लखलखीत दिवे. मी पायरी चढलो आणि दारात वाकलो. चांगला कमरेतून वाकलो. वर अडायला काहीच नव्हतं. काउंटरमागच्या तरुण दुकानदाराने विचारलं, "काका, काही पडलं का?" मला लाज वाटली. काय सांगणार? म्हणालो, "चावी." तेव्हा तो भला माणूस हातातलं काम टाकून बाहेर आला आणि त्या उघड्या दारात माझ्या शेजारी वाकून शोधू लागला.